पोर्तुगीज नागरी संहितेचे कलम १६: गोव्यातला कायदा नैसर्गिक कायद्यावर उभा आहे का?

अंत्रुजकर
न्यायशास्त्राच्या अभ्यासात नैसर्गिक कायदा (माणसाने केलेल्या कायद्याच्या वर विवेकाची तत्त्वे असतात, हे मत) आणि लीगल पॉझिटिव्हिझम (ठरलेल्या अधिकाराने केलेला तो कायदा, न्याय्य असो वा नसो, हे मत) यांचा वाद शिकवताना उदाहरणे सगळी जर्मनीची नाहीतर इंग्लंडची असतात. आपल्या दारातले उदाहरण कोणी घेत नाही. गोव्यात अजूनही चालणाऱ्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे कलम १६ वाचा. हक्क आणि कर्तव्यांचा प्रश्न कायद्याच्या शब्दांवरून सुटला नाही, त्याच्या आशयावरून सुटला नाही, इतर कायद्यांतल्या तशाच प्रसंगांवरूनही सुटला नाही, तर प्रकरणाची परिस्थिती पाहून नैसर्गिक कायद्याच्या तत्त्वांनी सोडवावा, असे ते सांगते.

माझे म्हणणे असे की, ज्या संहितेने शेवटचा शब्द नैसर्गिक कायद्याला दिला ती लागू असलेल्या प्रदेशात 'कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा' हे इंग्रज कायदेपंडित ऑस्टिनचे १८३२ चे सूत्र टिकत नाही. पॉझिटिव्हिस्ट मंडळींनी उत्तर द्यावे.

कलम_पाच
ऑस्टिन टिकत नाही हे मान्य. पण ऑस्टिन पडला म्हणून पॉझिटिव्हिझम पडत नाही. अंत्रुजकर बाब, कलम १६ ला बळ कुठून आले ते आधी बघा.

१ जुलै १८६७ च्या कायद्याने संहिता मंजूर झाली. १८६९ च्या हुकुमाने ती समुद्रापारच्या प्रांतांना लावली आणि १ जुलै १८७० पासून ती अमलात आली. १९६१ नंतर ती आपोआप राहिली नाही. गोवा, दमण आणि दीव प्रशासन अधिनियम १९६२, कलम ५: २० डिसेंबर १९६१ च्या लगेच आधी जे कायदे लागू होते ते सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत चालू राहतील. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुझे पाउलो कुतिन्हो प्रकरणात हेच सांगितले. ही संहिता परकीय कायदा म्हणून लागू नाही, भारतीय संसदेने चालू ठेवली म्हणून ती भारतीय कायदा आहे. म्हणूनच गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या, भारतातल्या मालमत्तेलाही तीच लागू.

या साखळीत 'न्याय्य आहे म्हणून' असे कुठेच नाही. प्रत्येक दुवा कोणीतरी, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या कृतीचा आहे. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये १ जून १९६७ ला नवी संहिता आली, जुनी गेली. नव्या संहितेच्या कलम १० मध्ये नैसर्गिक कायद्याचा उल्लेख नाही. तिथे पोकळी दिसली, तर आपण स्वतः कायदा करत असतो तर व्यवस्थेच्या आशयाला धरून कोणता नियम केला असता, हे न्यायाधीशाने ठरवायचे. तेच शब्द लिस्बनमध्ये कायदा राहिले नाहीत, पणजीत राहिले. नैसर्गिक कायदा तर दोन्हीकडे सारखाच असायला हवा ना? मग फरक उगमाचाच.

मांडवीकाठ
उगम सांगितलात, आशय सोडलात. त्याच संहितेचे कलम ३५९ बघा. 'मूळ हक्क' म्हणजे मनुष्याच्या स्वभावातूनच निघणारे, आणि ज्यांना नागरी कायदा ओळखतो व इतर सर्व हक्कांचा उगम म्हणून संरक्षण देतो, असे हक्क. पुढे पाच नावे: अस्तित्व, स्वातंत्र्य, सहवास, स्वामित्व मिळवणे, बचाव. 'ओळखतो' म्हटले आहे, 'देतो' नाही. कायदा स्वतःच सांगतो की हे हक्क माझ्याआधीचे.

हे शब्द संहितेचा मसुदा लिहिणाऱ्या सेआब्राच्या लेखणीतून अचानक आलेले नाहीत. १८ ऑगस्ट १७६९ चा, पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या काळातला 'सद्विवेकाचा कायदा' बघा. रोमन कायदा पोकळी भरायला वापरायचा तर तो सद्विवेकाला पटणारा असला पाहिजे, अशी अट त्याने घातली. १७७२ च्या कोइंब्रा विद्यापीठाच्या सुधारणेत नैसर्गिक कायद्याचा स्वतंत्र अभ्यास आला. आणखी मागे जा: स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को सुआरेझ कोइंब्रात शिकवत होता, त्याचा कायद्यावरचा मोठा ग्रंथ १६१२ मध्ये तिथेच छापला गेला. आपली संहिता या परंपरेची आहे. तिचे भाषांतर पॉझिटिव्हिस्ट बेंथॅमच्या चष्म्यातून करू नका.

बार्देशी
दोघेही बरोबर असू शकता. याला नाव आहे, समावेशक पॉझिटिव्हिझम. कायद्याच्या उगमानेच नीतीला आत बोलावले, तर नीती कायद्याची कसोटी होऊ शकते. इंग्रज पॉझिटिव्हिस्ट हार्टच्या मृत्यूनंतर १९९४ मध्ये छापलेल्या उत्तरलेखात त्याने हे मान्य केले आहे.

कलम_पाच
हार्टचाच शिष्य रॅझ ते मानत नाही, आणि मीही नाही. त्याच्या मते कायद्याने 'नीतीप्रमाणे ठरवा' म्हटले की नीती कायदा होत नाही. न्यायाधीशाला कायद्याबाहेर जाऊन निर्णय करण्याचा अधिकार मिळतो, इतकेच. परदेशी विवाहाचा प्रश्न आला की आपले न्यायालय परदेशी कायदा लावते, म्हणून तो भारतीय कायदा होत नाही.

मांडवीकाठ
मग कलम १६ खालचा निर्णय पक्षकाराचा हक्क मान्य करतो की न्यायाधीशाची मर्जी? पक्षकार 'मला हक्क आहे' असे म्हणून दारात येतो. रॅझच्या वाटेने गेले तर त्याला सांगावे लागेल, 'आजपर्यंत तुला हक्क नव्हता, आता आम्ही तो बनवतो आहोत'. निकालांची भाषा तशी नसते.

पॉझिटिव्हिझमचा टीकाकार ड्वर्किन याने १९६७ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. रिग्ज विरुद्ध पामर, न्यूयॉर्क, १८८९: आजोबांनी मृत्युपत्रात नातवाला वाटा ठेवला, नातवाने त्यांना विष दिले. मृत्युपत्राचा कायदा खुनी वारसाबद्दल काहीच बोलत नव्हता. 'स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कोणाला मिळू नये' या तत्त्वावर बहुमताने वाटा नाकारला. ग्रे या न्यायाधीशाने विरोधी मत दिले, कारण त्याच्या दृष्टीने शब्द स्पष्ट होते. ते तत्त्व कुठल्या विधिमंडळाने मंजूर केले होते?

तिसवाडी
कलम ५ ची साखळी दाखवलीत, पण तिच्यात एक फट आहे, आणि वादाचे खरे खाद्य तिथे आहे. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता संपली. प्रशासनाचा अध्यादेश ५ मार्च १९६२ चा, अधिनियम आणि संविधानाची बारावी दुरुस्ती त्यानंतरची, त्याच मार्चमधली. दुरुस्तीचा अंमल मागे नेऊन २० डिसेंबर १९६१ पासून धरला. मधल्या अडीच महिन्यांत गोव्यात लष्करी गव्हर्नर होता. त्या काळात एखाद्याने लग्न नोंदवले, घर विकले, तर ते कोणत्या कायद्याने वैध?

ऑस्ट्रियन पॉझिटिव्हिस्ट केल्सन म्हणेल, जुना मूलभूत नियम (बाकी सगळ्या कायद्यांना वैधता देणारा) गेला, नवा प्रभावी झाला. प्रभावी झाला म्हणजे वैध धरला. पण ते 'धरणे' कोणी आज्ञेने केलेले नसते, विचारासाठी गृहीत असते. म्हणजे पॉझिटिव्हिझमच्याही तळाशी एक गृहीतक आहे, जे कुठल्याही राजपत्रात छापलेले नाही. नैसर्गिक कायदावाल्यांचा आक्षेप तिथे ठेवा, कलम १६ वर नको.

साखळीवाला
तिसवाडीच्या मुद्द्याला जोडून. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न लगेचच हाताळला, तोही पॉझिटिव्हिस्ट पद्धतीने. १९६५ चे पेमा छिबर प्रकरण: दमणच्या व्यापाऱ्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर १९६१ मधले पोर्तुगीज आयात परवाने होते. न्यायालयाने म्हटले, प्रदेश जिंकून घेतल्यावर जुन्या सत्तेने दिलेले हक्क नव्या सार्वभौमावर तेव्हाच बंधनकारक, जेव्हा तो ते मान्य करेल. जुने कायदे चालू ठेवले म्हणजे जुन्या सरकारच्या जबाबदाऱ्या घेतल्या असे होत नाही. १९८१ च्या विनोदकुमार गोसालिया प्रकरणात खाणींच्या बाबतीत हेच. शोध नोंदवलेला, कन्सेशनसाठी (खाण चालवण्याच्या पोर्तुगीज परवान्यासाठी) अर्ज केलेला, पण मंजुरी मिळालेली नव्हती. असा हक्क भारत सरकारविरुद्ध चालत नाही.

तत्त्वज्ञ जॉन लॉक वाचणारा माणूस इथे अस्वस्थ होतो. मालमत्तेचा हक्क सत्तेच्या आधीचा असेल तर झेंडा बदलला म्हणून तो पुसला कसा जाईल? न्यायालयाचे उत्तर सरळ होते: आमच्यासमोर लागू करता येईल असाच हक्क आम्ही बघतो.

पेडण्याची_माई
खाणींचे पुढचे पान अजून महत्त्वाचे आहे, साखळीवाला भाऊ. १९८७ च्या अधिनियमाने पोर्तुगीज कन्सेशन रद्द केली आणि त्यांना खाणपट्टे मानले, तेही २० डिसेंबर १९६१ पासून. म्हणजे पंचवीस वर्षे मागे जाऊन. १९७० साली जो स्वतःला कन्सेशनचा धारक समजत होता, तो १९८७ मध्ये कायद्याने ठरला की १९७० मध्येही पट्टेदारच होता.

कायदा म्हणण्यासाठी अमेरिकी कायदेपंडित फुलरने १९६४ मध्ये सांगितलेल्या आठ अटी यावर लावून बघा: नियम सर्वसाधारण हवेत, जाहीर हवेत, मागे लागू होणारे नकोत, समजण्याजोगे हवेत, परस्परविरोधी नकोत, पाळता येण्याजोगे हवेत, रोज बदलणारे नकोत, आणि अधिकारी प्रत्यक्षात त्याप्रमाणे वागले पाहिजेत. इथे तिसरी अट सरळ मोडते. तरीही हा कायदा कायदा म्हणून चालला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याच आधारे हिशेब मांडला आणि पट्टे २२ नोव्हेंबर २००७ ला संपले असे ठरवले. फुलरनेही कबूल केले होते की मागे लागू होणारा एखादा नियम कधी चूक दुरुस्त करायला लागतो. सगळीच व्यवस्था तशी झाली तर ती कायदा राहत नाही. म्हणून १९८७ च्या अधिनियमावर 'फुलर हरला' असे लिहू नका, हा आठ अटी चुकीच्या वापरण्याचा नेहमीचा प्रकार आहे.

दुसरी अट आपल्याला जास्त बोचते. मूळ संहिता पोर्तुगीज भाषेत, आणि मुक्तीनंतर कितीतरी वर्षे तिचे अधिकृत इंग्रजी भाषांतर नव्हते. आपले लग्न कोणत्या नियमाने बांधले आहे हे ज्या बाईला वाचता येत नाही, तिच्यापर्यंत तो नियम जाहीर झाला असे म्हणायचे का? मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ अक्वायनसच्या कायद्याच्या व्याख्येतही चार गोष्टी आहेत: विवेकाचा आदेश, सर्वांच्या हितासाठी, समाजाची काळजी वाहणाऱ्याने केलेला, आणि जाहीर केलेला. चौथी गोष्ट तो शोभेसाठी घालत नाही.

केपे_विद्यार्थी
सर्वांना विनंती, हार्ट-फुलर वादावर पंधरा गुणांचे उत्तर कसे बांधायचे? १९४९ चा जर्मन खटला आणि १९५८ चे दोन लेख, एवढे माहीत आहे.

बार्देशी
खटला नीट सांगा, बहुतेक गुण तिथेच जातात. १९४४ मध्ये एका बाईने नवऱ्याने हिटलरविरुद्ध काढलेले उद्गार कळवले. त्याला मृत्युदंड झाला, पण त्याला आघाडीवर पाठवले. १९४९ मध्ये बाम्बर्गच्या अपील न्यायालयाने तिला १८७१ च्या दंडसंहितेखाली, बेकायदा स्वातंत्र्य हिरावण्याबद्दल दोषी ठरवले. 'न्यायालयाने नाझी कायदाच रद्दबातल ठरवला' असे लिहू नका. हार्टने ज्या अहवालावर भिस्त ठेवली त्यात तसे होते, पण मूळ निकालात तसे नव्हते. हे पुढे दाखवून दिले गेले आहे.

मग तीन उत्तरे मांडा. जर्मन कायदेपंडित राडब्रुख, १९४६: कायदा आणि न्याय यांतला विरोध असह्य पातळीला गेला की कायद्याने न्यायाला वाट द्यावी. हार्ट: तो कायदा होताच. शिक्षा करायची तर उघडपणे मागे लागू होणारा कायदा करा, म्हणजे आपण काय गमावतो ते समोर राहील. फुलर: त्या राजवटीत गुप्त कायदे, मागे लागू होणारे कायदे, कायद्याला न जुमानणारे अधिकारी इतके होते की कायदा म्हणण्यासारखे काही उरलेच नव्हते. शेवटी हार्टचा 'किमान आशय' घाला. माणूस इजा होण्याजोगा आहे, साधारण समान आहे, त्याचे औदार्य मर्यादित आहे, साधने मर्यादित आहेत, समज आणि इच्छाशक्ती मर्यादित आहे. म्हणून हिंसा, मालमत्ता, वचन यांबद्दल काही नियम प्रत्येक टिकणाऱ्या कायदाव्यवस्थेत येतातच.

अंत्रुजकर
त्यात भारताचे एक टोक जोड, विद्यार्थी. १९७६ चे सर्वोच्च न्यायालयातले एडीएम जबलपूर प्रकरण. बहुमताने म्हटले, जगण्याच्या हक्काचा एकमेव साठा अनुच्छेद २१, आणीबाणीत त्याची दारे बंद, म्हणून बंदीप्रत्यक्षीकरण (कोंडलेल्याला न्यायालयापुढे आणण्याचा आदेश) नाही. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात गेले: अनुच्छेद २१ नसता तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव वा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला नव्हता. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात ते बहुमत रद्द झाले, आणि हे हक्क संविधानाने निर्माण केलेले नाहीत, माणसात असलेले आहेत, असे तिथे म्हटले आहे. कलम ३५९ च्या 'ओळखतो' या क्रियापदाच्या अगदी जवळचे.

साष्टीकार
इथे सगळे नैसर्गिक कायदा म्हणजे सत्तेविरुद्धची ढाल, असे धरून बोलत आहेत. गोव्याचा इतिहास तसा नाही. अक्वायनस-सुआरेझ शिकवणाऱ्या संस्थेच्याच छायेत इथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षे सोडून, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मद्रोहाचे न्यायालय, चालले. १७३६ च्या फर्मानात अंगणातल्या तुळशीपर्यंत बंदी गेली. निसर्गाचा क्रम काय, हे ठरवणारा एकच दरबार असला की नैसर्गिक कायदा ढाल राहत नाही.

उलट बाजूही आहे. डच कायदेपंडित ग्रोशियसने १६०९ मध्ये समुद्र सर्वांचा असे मांडले तेव्हा त्याचे लक्ष्य पूर्वेकडच्या समुद्रावरची पोर्तुगीज मक्तेदारी होती, जिचा कारभार गोव्यातून चाले. निमित्त १६०३ मध्ये डच लोकांनी पकडलेले सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज. पोर्तुगीजांच्या बाजूने सेराफिम द फ्रेइतासने १६२५ मध्ये उत्तर दिले. दोघेही त्याच विद्वत्परंपरेच्या भाषेत बोलत होते, आणि दोघांच्या मागे व्यापार होता.

कलम_पाच
साष्टीकारांनी माझे अर्धे काम केले. आणि उरलेले अर्धे लोहियांनी. १८ जून १९४६ ला मडगावात परवानगीशिवाय सभा घेतली, कायदा मोडला. त्याच साली गोवा मुक्तीचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला पाठवले. सभाबंदी हा कायदा नव्हताच असे म्हटले तर सविनय कायदेभंगातला 'कायदेभंग' उरतच नाही. तो कायदा होता, अन्याय्य होता, आणि म्हणून मोडला. ही तीन वाक्ये वेगळी ठेवता येतात म्हणून मी पॉझिटिव्हिस्ट आहे.

१८८० च्या हिंदूंच्या रूढींच्या संहितेतले कलम ३ घ्या. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य नसेल, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा नसेल, तर तिच्या संमतीने पतीला दुसरे लग्न करण्याची मुभा. गोव्याचा समान नागरी कायदा म्हणून जो गौरव होतो त्याच्या बाजूला हे कलम ठेवा. 'अन्याय्य आहे म्हणून तो कायदाच नाही' असे म्हणून ते पुस्तकातून जात नाही. विधिमंडळाकडे जाऊन पुसून घ्यावे लागते.

पेडण्याची_माई
पुसून घ्यावेच. पण 'अन्याय्य' हे तुम्ही कशाच्या आधाराने म्हणालात, तेही कधीतरी सांगा. तिथे तुम्हाला मांडवीकाठांकडेच यावे लागेल.

डिचोलीची_वाट
वारशाचे उदाहरण राहिले. दांपत्याची सामाईक मालमत्ता १ कोटी. एक गेला, तर ५० लाख जोडीदाराचे स्वतःचे, तो वारसा नव्हे. उरलेल्या ५० लाखांपैकी अर्धे, म्हणजे २५ लाख, मुलांचा राखीव हिस्सा. मृत्युपत्राने हात लावता येतो तो फक्त बाकीच्या २५ लाखांना. तीन मुले असली तर प्रत्येकाचे किमान सुमारे ८ लाख ३३ हजार ठरलेले. २०१६ मध्ये अमलात आलेल्या वारसा अधिनियमानेही ही चौकट ठेवली.

आता नैसर्गिक कायदा यावर काय सांगतो? एक जण म्हणेल, कमावलेले कोणाला द्यायचे हा माझा निसर्गदत्त हक्क. दुसरा म्हणेल, पोटच्या मुलांना काही न देता जाणे निसर्गाविरुद्ध. दोन्ही गंभीर युक्तिवाद आहेत. पण अर्धा का, दोन तृतीयांश का नाही? संहितेत मुळात दोन तृतीयांश होता, ३१ ऑक्टोबर १९१० च्या हुकुमाने अर्धा केला. तो आकडा निसर्गातून निघत नाही. अक्वायनसला हे माहीत होते. काही नियम तत्त्वातून निष्कर्ष म्हणून निघतात, काही तत्त्वाला दिलेला निश्चित आकार असतात, आणि तो आकार राज्यकर्ता ठरवतो. नैसर्गिक कायदावादी फिनिसने १९८० मध्ये यावरच जोर दिला. म्हणजे चांगल्या नैसर्गिक कायद्याला राजपत्र लागतेच.

तिसवाडी
कोमुनिदादीचे, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, काय? पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाने १५२६ मध्ये गावकऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या. त्या आधीपासून चालत होत्या. ऑस्टिनच्या मते सार्वभौमाने उचलून धरेपर्यंत ती नुसती रूढी. मग पोर्तुगीज येण्याआधीच्या, १५१० पूर्वीच्या गावकरीला कायदा म्हणायचे नाही? हार्टच्या कसोटीने म्हणता येते. गावकार ते नियम आतून बंधनकारक मानत, मोडणाऱ्यावर टीका करत. एप्रिल १९६१ ची कोमुनिदाद संहिता, कायदा क्रमांक २०७०, हा त्यांचा शेवटचा पोर्तुगीज लेखी आकार. जोण (उत्पन्नातला गावकाराचा वाटा) वाटण्याचा हक्क त्याच्या कितीतरी आधीचा.

अंत्रुजकर
मूळ प्रश्नाकडे येतो. डिचोलीच्या उत्तराने कलम १६ मला वेगळे दिसते. ते नैसर्गिक कायद्याला सगळ्यात वर ठेवत नाही, सगळ्यात शेवटी ठेवते. मग प्रत्यक्ष युक्तिवादात ते कसे वापरायचे?

नोटरीची_पायरी
आधी तो विषय संहितेच्या हद्दीत आहे का ते ठरवा. करार, मालमत्तेचे हस्तांतर, मुदत यांना आता भारतीय अधिनियम आहेत, तिथे कलम १६ काढूच नका. मग पोकळी खरी आहे का? कायदा गप्प असणे आणि कायद्याने जाणूनबुजून न देणे यांत फरक आहे, आणि बहुतेक युक्तिवाद इथेच कोसळतात. नंतर शब्द, मग आशय, मग तिसरी पायरी. तिसऱ्या पायरीत 'इतर कायदे' म्हणजे कोणते, हा आजचा खरा प्रश्न. कुतिन्हो निकालाप्रमाणे संहिता भारतीय कायदा असेल, तर तशीच तरतूद हिंदू वारसा अधिनियमात शोधता येईल का? खुनी वारसाला वगळणारे कलम २५ तिथे आहे, रिग्जचा प्रश्न तिथे लिहून सोडवला आहे. मी म्हणेन, शोधता येईल. ही पायरी नीट चढली तर चौथीची, म्हणजे नैसर्गिक कायद्याची, गरज क्वचित पडेल.

कलम_पाच
नाही येणार. तो अधिनियम गोव्याला लावलेला नाही, ही विधिमंडळाची निवड आहे. जे दारातून आणले नाही ते उपमेच्या खिडकीतून आणता येत नाही. तिथे थेट चौथ्या पायरीवर जाऊन 'दुष्कृत्याचा फायदा नाही' असे उघड म्हणणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

मांडवीकाठ
पॉझिटिव्हिस्टाने न्यायाधीशाला नैसर्गिक कायद्याकडे पाठवले, हे नोंदवून ठेवतो. पण नोटरींच्या बाजूने एक मुद्दा: कलम १६ मध्ये 'इतर कायदे' म्हटले आहे, 'या प्रदेशात लागू असलेले' ही अट घातलेली नाही. ती अट घालायची तर आधार शब्दांत दाखवा, नाहीतर आशयात दाखवा. त्या दोन पायऱ्या तुमच्याही आधी येतात.